पैसे घ्या, पण सांगू नका : चार्ल्स ऑलकॉक आणि १८८५ चा ठराव

पार्श्वभूमी

चार्ल्स विल्यम ऑलकॉक यांचा जन्म २ डिसेंबर १८४२ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील संडरलँड येथे झाला. घर जहाजव्यवसायातले आणि सुस्थितीतले, शिक्षण हॅरो या प्रतिष्ठित शाळेत. शाळा सुटली तरी फुटबॉल सुटला नाही. थोरले बंधू जॉन यांच्या साथीने त्यांनी लंडनच्या ईशान्येला, एपिंगच्या जंगलाच्या कडेला ‘फॉरेस्ट’ नावाचा क्लब उभा केला. पुढे त्याचाच ‘वाँडरर्स’ झाला. स्वतःचे मैदान नसलेला, मिळेल तिथे खेळणारा हा क्लब नावाला जागणारा होता. १८६३ मध्ये लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये इंग्लंडमधल्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली तेव्हा जॉन तिथे हजर होते. चार्ल्स १८६६ मध्ये समितीवर आले आणि १८७० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मानद चिटणीस झाले. ते पद त्यांनी पुढे २५ वर्षे सांभाळले.

या २५ वर्षांतल्या एका प्रश्नाचा, म्हणजे पैसे घेऊन खेळणाऱ्यांना मान्यता द्यावी की नाही या वादाचा, येथे अभ्यास करायचा आहे. मात्र ऑलकॉक यांची कामाची पद्धत समजल्याशिवाय त्या वादातले त्यांचे वागणे उलगडत नाही, म्हणून आधी दोन घटना सांगणे आवश्यक आहे.

पहिली घटना २० जुलै १८७१ ची. ‘द स्पोर्ट्समन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत भरलेल्या बैठकीत ऑलकॉक यांनी असोसिएशनच्या सर्व क्लबांसाठी एक आव्हान चषक ठेवावा, असा प्रस्ताव मांडला. कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. हॅरोमध्ये वसतिगृहांचे संघ बाद पद्धतीने खेळत आणि शेवटी उरलेल्याला ‘कॉक हाउस’ म्हणत. तीच पद्धत त्यांनी शाळेच्या आवारातून उचलून देशभरच्या क्लबांपुढे ठेवली. पहिल्या वर्षी १५ क्लबांनी नावे दिली, २० पौंडांचा एक छोटा चांदीचा चषक करवून घेतला गेला आणि १६ मार्च १८७२ रोजी केनिंग्टन ओव्हलवर सुमारे २,००० प्रेक्षकांसमोर वाँडरर्सने रॉयल इंजिनिअर्सला १-० असे हरवले. विजयी संघाचे कर्णधार स्वतः ऑलकॉकच होते. प्रस्ताव मांडणारा, स्पर्धा चालवणारा आणि चषक उचलणारा एकच माणूस, हे आजच्या कोणत्याही क्रीडा संघटनेच्या सर्वसाधारण सभेत खपले नसते. तेव्हा कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

दुसरी घटना क्रिकेटमधली. १८७२ मध्येच ते सरे काउंटी क्रिकेट क्लबचे पगारी चिटणीस झाले. ओव्हलचे मैदान सरेचे, त्यामुळे फुटबॉलच्या चषकाचा अंतिम सामना ओव्हलवर का होत असे हे वेगळे सांगायला नको. क्रिकेटमध्ये काउंट्यांमधून खेळाडूंची पळवापळवी चालू होती. १८७३ मध्ये सरेच्या पुढाकाराने नियम ठरले : एका हंगामात एकाच काउंटीकडून खेळायचे, आणि ती काउंटी जन्माची असावी किंवा खेळाडूने तिथे दोन वर्षे वास्तव्य केलेले असावे. हा नियम ध्यानात ठेवावा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

खेळाडू म्हणून ऑलकॉक यांच्या नावावर इंग्लंडतर्फे एकच आंतरराष्ट्रीय सामना आहे. तो १८७५ मध्ये ओव्हलवर स्कॉटलंडविरुद्ध झाला, ते कर्णधार होते, त्यांनी एक गोल केला आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. इंग्लंडच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना १८८० मध्ये ओव्हलवर झाला, त्यामागेही तेच होते. मुंबईचा पारशी संघ १८८६ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा त्याच्या सामन्यांची जुळवाजुळव करण्यातही त्यांचाच हात होता. तो संघ २८ पैकी एकच सामना जिंकला, पण हिंदुस्थानातून तिकडे गेलेला तो पहिला संघ होता.

पेच

३१ मार्च १८८३ रोजी ओव्हलवर चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला आर्थर किनेर्ड (पुढे लॉर्ड किनेर्ड) यांचा ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटन या उच्चभ्रू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ आणि दुसऱ्या बाजूला उत्तरेकडील लँकेशरच्या कापड गिरण्यांच्या गावातून आलेला ब्लॅकबर्न ऑलिम्पिक. ऑलिम्पिकच्या संघात विणकर, सूतकताई करणारा, लोखंडकाम करणारा, नळकाम करणारा कारागीर आणि तसबिरींच्या चौकटी बनवणारा, अशी माणसे होती. सिडनी येट्स नावाच्या लोखंडाच्या ओतशाळेच्या मालकाने पैसा पुरवला होता आणि अंतिम फेरीच्या आधी संघ काही दिवस ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी सरावाला जाऊन राहिला होता. त्या मुक्कामाचा दिनक्रम नोंदलेला आहे : पहाटे सहाला एक पेला पोर्ट वाइन आणि दोन कच्ची अंडी, मग वाळूवर रपेट, न्याहारीला लापशी आणि हॅडॉक मासे, दुपारी मटण, रात्री कालवे. सामना जादा वेळेत गेला आणि सूतकताई करणाऱ्या जिमी कॉस्टलीच्या गोलने ऑलिम्पिकने तो २-१ असा जिंकला.

दक्षिणेतल्या लोकांना हरल्याचे दुःख होतेच, पण त्यांना बोचणारा प्रश्न दुसराच होता. गिरणीत आठवडाभर राबणारा विणकर कामाचे दिवस बुडवून समुद्रकाठी राहतो, तेव्हा त्याच्या घरची चूल कोण पेटवते?

उत्तर सर्वांना ठाऊक होते. गिरण्यांना शनिवारी अर्धी सुटी असे, त्यामुळे गावातल्या गावात खेळणे कामगाराला परवडत असे. पण चषकासाठी दूर जायचे तर शुक्रवारी निघावे लागे आणि मजुरी बुडे. ती भरून देता देता क्लब त्याहून जास्त देऊ लागले. सामन्यानंतर बुटात नाणी सापडत. कोणाला खानावळीचा नावापुरता चालक करत, कोणाला गिरणीत हजेरी लावण्यापुरती नोकरी देत. स्कॉटलंडचे कसबी खेळाडू गाडीत बसून लँकेशरला येत आणि आल्याबरोबर त्यांना ‘काम’ लागे. असोसिएशनच्या नियमानुसार खेळण्यासाठी पगार घेता येत नव्हता. १८८३ मध्ये अॅक्रिंग्टन क्लबला एका खेळाडूला पैसे दिल्याबद्दल काढून टाकण्यात आले. बाकीच्यांनी त्यातून धडा घेतला तो एवढाच, की हिशेबाच्या वह्या अधिक नीट लिहाव्यात.

ठिणगी पडली जानेवारी १८८४ मध्ये. प्रेस्टन नॉर्थ एंड आणि लंडनचा हौशी क्लब अप्टन पार्क यांचा चषकातला सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि अप्टन पार्कने तक्रार केली की प्रेस्टनचे खेळाडू पगारी आहेत. प्रेस्टनचा कारभार विल्यम सुडेल हे कापड गिरणीचे व्यवस्थापक पाहत. अशा वेळी सगळे करत तसे कानांवर हात ठेवण्याऐवजी त्यांनी सांगून टाकले की आम्ही खेळाडूंना कामे मिळवून देतो आणि आमच्या भागात सगळेच तसे करतात. प्रेस्टनला स्पर्धेतून बाद केले गेले. शिक्षा नियमाप्रमाणे बरोबर होती, पण त्यातून निघालेला अर्थ चमत्कारिक होता : जो खरे बोलला तो बाहेर आणि जे गप्प राहिले ते पुढच्या फेरीत.

समोरचे पर्याय

चिटणीस म्हणून ऑलकॉक यांच्यापुढे सोपी वाट होती ती नियम आणखी कडक करण्याची. शेफिल्डचे चार्ल्स क्लेग आणि बर्मिंगहॅमचे प्रतिनिधी याच मताचे होते. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. पैसा आला की श्रीमंत क्लब चांगले खेळाडू गोळा करतील, गावचा संघ गावाचा राहणार नाही आणि जुगार वाढेल, ही त्यांची भीती पुढे बऱ्याच अंशी खरीही ठरली. परंतु नियम कडक करायचा तर तो राबवणारी यंत्रणा हवी. बुटातली नाणी मोजायला लंडनहून कोण जाणार होते?

दुसरी वाट डोळेझाकीची. तक्रार आली तर कारवाई, नाही तर सगळे सुरळीत. बहुतेक संघटना आजही याच वाटेने चालतात आणि काही वर्षे ती खरोखरच निभावते. प्रेस्टन प्रकरणाने मात्र ती वाट बंद केली होती, कारण आता प्रत्येक हरलेल्या संघाच्या हाती तक्रारीचे हत्यार आले होते.

तिसरी वाट मधली होती. पगार नको, पण बुडालेली मजुरी भरून द्यावी. ऐकायला न्याय्य. अडचण अशी की बुडालेली मजुरी किती हे क्लबच सांगणार आणि गिरणीमालकच जर क्लबचा आश्रयदाता असेल, तर त्याचा दाखला कोण तपासणार?

चौथी वाट उघड मान्यतेची. ऑलकॉक तिच्याकडे वळले ते क्रिकेटच्या अनुभवामुळे. सरेच्या संघात पगारी आणि हौशी खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळत होते आणि त्यामुळे आकाश कोसळले नव्हते. खेळून पोट भरण्यात काही अनीती आहे हे त्यांना मान्य नव्हते. माणूस क्रिकेटमध्ये कष्टाची कमाई करू शकतो तर फुटबॉलमध्ये का नको, असा त्यांचा सरळ सवाल होता. आपल्या रंगभूमीवर ‘धंदेवाईक’ हा शब्द हौशी मंडळींच्या तोंडी कसा यायचा ते ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या वादातला सूर ओळखीचा वाटेल. पैशाविषयीच्या तिटकाऱ्यात पैसा कोणाला लागतो याविषयीचा तिटकारा मिसळलेला असतो.

काय केले

फेब्रुवारी १८८४ च्या अखेरीस ऑलकॉक यांनी पगारी खेळाला मान्यता देण्याची वेळ आली आहे, असा ठराव मांडला. ब्लॅकबर्नचे डॉ. मॉर्ली त्यांच्या बाजूने उभे राहिले. ठराव बारगळला.

माझ्या मते हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयबिंदू आहे आणि ऑलकॉक येथे चुकले. प्रेस्टनच्या हकालपट्टीला अवघे काही आठवडे झाले होते, जखम ताजी होती आणि ठराव उघडावाघडा होता. मान्यता द्या, एवढेच. तिच्यासोबत कोणत्या अटी, नोंदणी कोण करणार, चषकाचे काय, यांतले काही त्यात नव्हते. विरोधकांना ज्याची भीती वाटत होती त्यावर त्यांच्या हाती काहीच दिलेले नव्हते. १८७१ मध्ये चषकाचा प्रस्ताव सहज मंजूर झाला तो कोणाचे काही काढून घेत नव्हता म्हणून. हा ठराव काढून घेत होता, आणि तसा तो मांडायला हवा होता.

त्यानंतर असोसिएशन उलट दिशेने गेली. क्लबांकडून बाहेरून आणलेल्या खेळाडूंची माहिती मागवण्याचे ठरले. उत्तरेत संताप उसळला. ऑक्टोबर १८८४ मध्ये सुडेल यांच्या पुढाकाराने सुमारे ३० क्लब मँचेस्टरमध्ये जमले आणि ‘ब्रिटिश फुटबॉल असोसिएशन’ नावाची वेगळी संघटना काढण्याची तयारी सुरू झाली. धमकी पोकळ नव्हती, कारण प्रेक्षक त्यांच्याकडे होते आणि तिकिटाचे पैसेही.

जानेवारी १८८५ मध्ये फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये विशेष सर्वसाधारण सभा भरली. मान्यतेच्या बाजूने ११३ मते पडली, विरोधात १०८. बहुमत मिळाले, पण नियमबदलाला दोन-तृतीयांश लागत होते. मार्चमध्ये पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा दोन-तृतीयांश गाठता आले नाहीत.

या दोन अपयशांच्या दरम्यान ठरावाचे रूप बदलत गेले आणि बदल कुठून आले ते पाहण्यासारखे आहे. २० जुलै १८८५ रोजी, म्हणजे चषकाच्या प्रस्तावाला बरोबर १४ वर्षे झाली त्या दिवशी, फ्लीट स्ट्रीटवरील अँडरटन्स हॉटेलात जो ठराव आला त्यात पगारी खेळाडू ठेवण्यास ‘काही निर्बंधांसह’ परवानगी होती. निर्बंध असे : प्रत्येक पगारी खेळाडूची दरवर्षी नोंदणी, एका हंगामात असोसिएशनच्या परवानगीविना एकापेक्षा जास्त क्लबांकडून न खेळणे, चषकाच्या सामन्यात उतरायचे तर क्लबच्या ठिकाणापासून सहा मैलांच्या आत जन्म किंवा दोन वर्षांचे वास्तव्य, आणि शेवटी, पगारी खेळाडूने असोसिएशनच्या कोणत्याही समितीवर बसायचे नाही की सभेत कोणाचे प्रतिनिधित्व करायचे नाही.

जन्म किंवा दोन वर्षांचे वास्तव्य, एका हंगामात एकच संघ. १८७३ चा क्रिकेटचा नियम काउंटीच्या जागी सहा मैल घालून फुटबॉलमध्ये उतरला होता. ऑलकॉक नवे फारसे काही शोधत नसत. एका मैदानावर वापरून पाहिलेली वस्तू ते दुसऱ्या मैदानावर नेऊन ठेवत.

ठराव ३५ विरुद्ध ५ अशा मतांनी मंजूर झाला. जानेवारीत २२१ मते पडली होती, जुलैत ४०. विरोधक पटले म्हणून गप्प बसले की थकून घरी राहिले, हे आकडे सांगत नाहीत. पण ऐन उन्हाळ्यात, हंगाम नसताना, तिसऱ्यांदा तोच विषय घेऊन बसण्याचा कंटाळा हा सभांच्या कामकाजातला फार मोठा घटक असतो, हे कोणत्याही सोसायटीच्या सभासदाला ठाऊक आहे.

निष्पत्ती

वेगळी संघटना निघाली नाही. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. त्यातले सहा लँकेशरचे आणि सहा मध्य इंग्लंडचे होते, दक्षिणेचा एकही नव्हता. परंतु ती असोसिएशनच्या छत्राखाली सुरू झाली. पहिल्याच हंगामात सुडेल यांचा प्रेस्टन लीगमध्ये एकही सामना न हरता विजेता झाला आणि चषकही एकही गोल न स्वीकारता जिंकला. (सुडेल यांचा शेवट मात्र दुःखद झाला. गिरणीच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल १८९५ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. बराच पैसा क्लबवरच खर्च झाला होता.) सहा मैलांची अट १८८९ मध्ये गेली. ती पाळणे अवघड होते आणि तोवर तिचे काम झाले होते : ज्यांना भीती वाटत होती त्यांना मत द्यायला तिने निमित्त पुरवले होते.

याच प्रश्नावर रग्बीत काय झाले ते शेजारी ठेवले की ऑलकॉक यांच्या तडजोडीची किंमत कळते. रग्बीच्या कारभाऱ्यांनी बुडालेली मजुरी भरून देणेही नाकारले. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले, वेगळे झाले, आणि रग्बी आजतागायत दोन खेळांत विभागलेली आहे. फुटबॉलमध्ये काही हौशी क्लब १९०७ मध्ये रुसून बाहेर पडले खरे, पण १९१४ मध्ये परतले.

दक्षिणेच्या हौशी संघांचे वर्चस्व संपले. १८८२ मध्ये ओल्ड इटोनियन्सनी जिंकलेला चषक दक्षिणेकडे परत आला तो थेट १९०१ मध्ये, टॉटनहॅममुळे. ऑलकॉक यांचा स्वतःचा वाँडरर्स, ज्याने पहिल्या सात वर्षांत पाच वेळा चषक नेला होता, या बदलाआधीच विरून गेला होता. आपल्याच क्लबाच्या प्रकारातल्या क्लबांना मागे टाकणारा नियम एखाद्या चिटणीसाने दीड वर्ष लावून धरावा, हे सहसा घडत नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या ठरावाच्या घाईबद्दल वर लिहिले आहेच. निर्बंधांचा मसुदा फेब्रुवारी १८८४ मध्येच तयार असता, तर ऑक्टोबरमधली फुटीची धमकी आणि मधली दोन अपयशे टळली असती, असे म्हणता येते. त्याच्या उलटही म्हणता येते : फुटीची धमकी समोर उभी राहिल्याशिवाय दक्षिणेच्या प्रतिनिधींनी कोणताही मसुदा वाचलाच नसता. मला दुसरे म्हणणे थोडे अधिक पटते, पण म्हणून पहिला ठराव तसा आणणे शहाणपणाचे ठरत नाही.

अधिक गंभीर बाब त्या शेवटच्या निर्बंधाची आहे. नोंदणी, वास्तव्य आणि एक क्लब या अटींना काही तरी कारण होते, कोणत्या तरी गैरप्रकाराला त्या आळा घालत होत्या. पगारी खेळाडूने समितीवर बसू नये, ही अट कशाला आळा घालत होती? ती क्रिकेटमधून फुटबॉलमध्ये आली ती नियम म्हणून नव्हे, सवय म्हणून. क्रिकेटमध्ये पगारी आणि हौशी यांची मैदानात उतरण्याची दारे वेगळी असत आणि धावफलकाच्या छापील कागदावर नाव कसे लिहिले आहे त्यावरून कोण साहेब आणि कोण नोकर हे कळे. ऑलकॉक यांनी क्रिकेटमधले चांगले उचलले तेव्हा त्याच्याबरोबर ते वेगळे दारही आले. दीड वर्षाच्या या वादात गिरणीमालक, डॉक्टर, वकील, लष्करी अधिकारी आणि माजी विद्यार्थी सगळे बोलले. ज्यांच्या पगारावर वाद चालू होता त्यांच्यासाठी सभेत खुर्ची नव्हती, आणि ठरावाने ती पुढेही मिळणार नाही अशी तजवीज केली.

परिणाम हळूहळू दिसले. लीगने १८९३ पासून नोंदणीची अटच खेळाडूला क्लबला बांधून ठेवणारी साखळी म्हणून वापरली. करार संपला तरी जुन्या क्लबच्या परवानगीवाचून त्याला हलता येईना. १९०१ मध्ये पगाराला आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली आणि कमाल मर्यादेचे ते तत्त्व १९६१ पर्यंत टिकले. म्हणजे ज्या नोंदणीमुळे १८८५ मध्ये चोरटा पैसा उजेडात आला, तिच्याच जोरावर पुढे तो पैसा मापून दिला जाऊ लागला, आणि चार पौंडांवरचे पैसे पुन्हा गुपचूप खिशात जाऊ लागले.

ऑलकॉक यांनी १८९५ मध्ये असोसिएशनचे चिटणीसपद सोडले, सरेचे मात्र अखेरपर्यंत सांभाळले. २६ फेब्रुवारी १९०७ रोजी ब्रायटन येथे त्यांचे निधन झाले. १८९८ मध्ये निघालेली खेळाडूंची पहिली संघटना तोवर बंद पडलेली होती. १९०७ च्याच डिसेंबरच्या २ तारखेला, म्हणजे ऑलकॉक हयात असते तर ज्या दिवशी त्यांना ६५ वर्षे पूर्ण झाली असती त्या दिवशी, बिली मेरेडिथ, चार्ली रॉबर्ट्स आणि इतर पगारी खेळाडू मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात जमले आणि त्यांनी नवी संघटना काढली. ती अजून चालू आहे.